स्वयंपाकघरातलं गाणं मागे पडतं

३ फेब्रुवारी

हिला घरी आणून आठवडा होत आला. खुब्याचं हाड बसवलंय, टाके निघालेत. डॉक्टर म्हणाले, आमचं काम संपलं, आता चालणं हे यांचं काम. सांगायला काय जातंय त्यांचं. ही मागच्या खोलीत पलंगावर पडून छताकडे बघत असते. जन्मभर शाळेत कवायत शिकवलेली बाई. गळ्यात शिट्टी अडकवून अख्खं मैदान एका पावलात चालवायची. आता कूस बदलायची तर माझ्याकडे बघते.

व्यायाम करून घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट मुलगी येते. आवाज असा की मीसुद्धा ताठ उभा राहतो. मी तिचं नाव हवालदार ठेवलंय. आज जाताना तिने मला दाराशी थांबवून हळू आवाजात सांगितलं की हाड जुळलंय, पण भीती घट्ट बसायच्या आत काकूंनी पायावर भार टाकायला हवा. हा महिना-दीड महिना वाया गेला तर मग चाकाची खुर्ची, आणि ती कायमची.

हिला यातलं काही बोललो नाही. लेकीला फोनवर सांगायला गेलो आणि हवापाण्याचं बोलून फोन ठेवला. म्हणून लेकीनेच पाठवलेली ही कोरी डायरी काढली. कुठेतरी ठेवायला हवं ना हे.

७ फेब्रुवारी

मी लिफ्ट मेकॅनिक होतो. लोकांना न चालता वर पोचवणं हा माझा धंदा, आणि आता घरात एका माणसाला चालतं करायचंय. नशिबाची थट्टाच म्हणायची.

माझ्या परीने मी तयारी चोख केली आहे. पलंगापासून बाथरूमपर्यंत भिंतीला स्टीलचा पाइप ठोकलाय, लिफ्टच्या आत धरायला असतो तसा. वाटेत स्वयंपाकघराचं दार लागतं, तिथेही तो आत ओट्यापर्यंत वळवून घेतला. हॉलकडे मात्र पाइप नाही, तिथे भिंतच नाही धरायला. ही वॉकर घेऊन उभी राहिली की मी मागून खुर्ची घेऊन चालतो, म्हणजे हवं तेव्हा टेकता येईल. दोन-चार पावलं टाकते, मागे वळून खुर्ची आहे का बघते आणि बसते. हवालदारला ती खुर्ची अजिबात आवडत नाही. तिचं काय जातंय. पडली तर माझी बायको पडणार.

संध्याकाळी हॉलमध्ये गाणी लावली. चहा आणि जुनी गाणी, हा आमचा अनेक वर्षांचा नेम. मागच्या खोलीतून हाक आली, की ओळीचा अर्धाच भाग ऐकू येतोय, उरलेला कुठे सांडतो? आवाज वाढवला तर वरच्या मजल्यावरच्यांनी काठी आपटली. एकटाच चहा प्यालो.

१० फेब्रुवारी

ठरलं. ही गाण्यापाशी येऊ शकत नाही, तर गाणं हिच्यापाशी न्यायचं. घरभर, प्रत्येक खोलीत, तेच गाणं त्याच वेळी.

जावईबापूंना विचारलं. त्यांनी उत्साहाने तयार स्पीकरचा संच सुचवला, खोलीगणिक एक. किंमत ऐकून मी चहाचा कप खाली ठेवला. घरात स्पीकर काय कमी आहेत? हॉलमध्ये म्युझिक सिस्टिमची दोन लाकडी खोकी आहेत, लेकीच्या कॉम्प्युटरचे छोटे स्पीकर माळ्यावर आहेत, स्वयंपाकघरात टेपवाला रेडिओ आहे, ज्याची टेप मेली पण आवाज ठणठणीत आहे. मी वस्तू टाकत नाही म्हणून हिने आयुष्यभर माझं डोकं खाल्लं. आज मी माळ्यावरून एकेक खाली काढत होतो आणि ही पलंगावरून बघत होती. मग हसली. घरी आल्यापासून पहिल्यांदा.

लेकीने फोनवरून सगळं समजावलं. जुना लॅपटॉप हा मास्तर. गाणं तो लावणार. प्रत्येक खोलीत एक जुना फोन ठेवायचा, तो मास्तरकडून वायफायवर गाणं घेणार आणि वायरने शेजारच्या स्पीकरला देणार. प्रोग्राम फुकट मिळतो. जुने फोन तर आमच्या खणात निवृत्त होऊन पडलेलेच आहेत.

१४ फेब्रुवारी

वायफायचा पासवर्ड, फोनची कुलपं, प्रोग्रामच्या परवानग्या, नाकीनऊ आले. पण दुपारी हॉल आणि मागची खोली एकदम गायला लागल्या. हिच्या उशाशी जुन्या गाण्यातलं क्लॅरिनेट. हिने डोळे मिटले, बोटं चादरीवर ठेका धरायला लागली. मला भरून आलं ते मी पाठ फिरवून वायर गुंडाळण्यात लपवलं.

स्वयंपाकघरात मात्र घोळ झाला. तिथल्या फोनचं वायर खुपसायचं भोक खराब आहे. मग एक स्वस्तातली ब्लूटूथची डबी रेडिओला जोडली आणि बिनवायरीचं काम भागवलं. गाणं लागलं. मी विजयी मुद्रेने मागे आलो तर हिने कपाळाला आठी घातलेली.

"स्वयंपाकघर मागे पडतंय," म्हणाली.

मला काहीच कळलं नाही. दारात उभा राहून कान दिले तेव्हा जाणवलं, इथली ओळ संपते आणि तिकडे शेवटचा शब्द अजून शिल्लक असतो. म्हटलं, अगं एवढंसं तर आहे. तर म्हणे, रांगेत एक पोर अर्धं पाऊल मागे असलं की अख्खी रांग डोळ्यांत खुपते. म्हटलं, डोळे मिटून ऐक. यावर जे बघितलं माझ्याकडे, शाळेतली पोरं हिला का घाबरायची ते समजलं.

१७ फेब्रुवारी

बाजारातून आलो तर स्वयंपाकघरातला रेडिओ बंद. बाकी दोन्ही खोल्या चालू. ओट्यावरच्या बोर्डाचं बटण बंद झालेलं होतं. सैल झालं असणार. रेडिओ भारी आवाज करतो, त्याच्या थरथरीने उडत असेल.

१९ फेब्रुवारी

पुन्हा तेच. मी भाजी घेऊन येईपर्यंत बटण बंद. बोर्ड उघडला, बटण बदललं. हिला विचारलं मध्ये वीज गेली होती का. तर म्हणे, मला काय माहीत, मी पडलेय इथे. तिचंही बरोबर आहे.

वॉकर पलंगाच्या पलीकडच्या बाजूला उभा होता. मीच ठेवला असणार. हल्ली डोकं ठिकाणावर नसतं माझं.

२३ फेब्रुवारी

आज हवालदारने मांडी चाचपून सांगितलं की स्नायू भरतायत, ताकद आलीय, बरीच. मी म्हटलं, रोज सकाळी माझ्या हाताने तेल चोळतो, त्याचा गुण. हवालदारला खोकल्याची उबळ आली. ही खिडकीबाहेर बघत होती.

पण मला हे कोडंच आहे. माझ्यासोबत चालायचं म्हटलं की ही अजूनही दोन पावलांत खुर्ची शोधते. कपाळावर घाम येतो. मग ताकद येते कुठून? तेलच.

निघताना हवालदारने विचारलं, मी रोज बाजारात जातो ना. म्हटलं हो. तर म्हणाली, जात जा काका, जरा लांबच्या बाजारात जा, घाई करत येऊ नका. पोरगी आवाजाने कडक आहे पण मनाची चांगली आहे. माझ्याही तब्येतीची काळजी करते.

बटण नवीन घातलं तरी बंद होतंच. काल बोर्डासकट सगळं बदललं. आज पुन्हा बंद. एवढ्या लिफ्ट दुरुस्त केल्या, एका रेडिओने हात टेकायला लावले.

२७ फेब्रुवारी

हट्टाला पेटलो. म्हटलं बटणाचं नंतर बघू, आधी हे मागे पडणं मोडून काढू. निदान हिच्या कपाळाची आठी तरी जाईल.

लेकीने सांगितलं की मास्तरकडे प्रत्येक खोलीपुढे एक आकडा असतो, तो बदलायचा. पण गंमत अशी की स्वयंपाकघराला पुढे ढकलता येत नाही. डबीला जेवढा वेळ लागतो तेवढा लागतोच. बाकीच्या खोल्यांना थांबायला लावायचं. मला हे उलटंच वाटलं. दोन चांगल्या खोल्या एका आळशी डबीसाठी का थांबतील? हिला सांगितलं तर लगेच म्हणाली, बरोबरच आहे. मागच्याला ओढलं की तो अडखळतो, पुढच्याने पाऊल लहान करायचं, कवायतीत पहिल्या दिवशी हेच शिकवतात.

मग दुपारभर बसलो. मी लॅपटॉपवर आकडा हलवायचा आणि हिने पलंगावरून कान लावायचा. अजून. अजून जरा. फार झालं, मागे या. आणि मग एकदम हात वर केला, मैदानात करायची तसा. सगळं घर एका पावलात गात होतं. मी खोल्याखोल्यांतून फिरून आलो, कुठे ठिगळ जाणवेना. अशी माणसाची दुपार जावी.

परत आलो तेव्हा ही म्हणाली, छान झालं. आणि भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. दमली असेल.

४ मार्च

बटण बंद व्हायचं थांबलंय. नवा बोर्ड उशिरा का होईना बसला म्हणायचा. बाजारातून येतो तर तिन्ही खोल्या सुरात.

हवालदार मात्र आज नाराज होती. मांडी परत सैल पडतेय म्हणाली. उभं राहताना पाय थरथरला, ही पहिल्याच पावलाला बसली. घरात काय बदललं, असं हवालदारने मला विचारलं. म्हटलं बदललं म्हणजे काय, बघच, आणि तिला घरभर हिंडवून गाणं ऐकवलं, आकड्याची सगळी कथा सांगितली. ऐकता ऐकता तिने कपाळाला हात लावला. संगीताचा कान नसेल तिला.

८ मार्च

तपासणीला नेलं होतं. डॉक्टरांनी फोटो बघितला, हिला दोन पावलं चालवलं, आणि मला बाजूला घेऊन म्हणाले की चाकाच्या खुर्चीचं बघून ठेवा, दारांची रुंदी मोजून घ्या.

घरी येऊन मोजायची टेप काढली. बाथरूमचं दार मोजत होतो तर पलंगावरून आवाज आला, दार कशाला मोजताय. म्हटलं पडद्यासाठी.

"बाथरूमला पडदा?"

मी टेप गुंडाळून खिशात टाकली. क्लॅरिनेट वाजत होतं, सगळीकडे सारखं. मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो आणि रडलो. लपवत नाही इथे. खुर्ची येईल, मी ती ढकलीन, कुरकुर न करता ढकलीन, मरेपर्यंत. पण हिला कोणी ढकलतंय हे हिला सोसणार नाही. मी ओळखतो तिला.

९ मार्च

आज हवालदारने चपला घालता घालता मला बाहेर बोलावलं आणि एखादं गुपित सांगावं तसं म्हणाली, "काका, स्वयंपाकघरातलं गाणं परत बिघडवा."

मी म्हटलं, वेड लागलंय का? दुपार घालवली मी त्यात. तर म्हणे कारण विचारू नका, मी शब्द दिलाय, फक्त बिघडवा आणि बाजारात जा. आणि जिना उतरून गेलीसुद्धा.

१० मार्च

आयुष्यात एकही काम मी जाणूनबुजून वाईट केलेलं नाही. आज केलं. मास्तरकडे जाऊन आकडा पुसला. स्वयंपाकघर पुन्हा अर्धं पाऊल मागे. हिच्या कपाळावर आठी चढलेली बघितली, पिशवी उचलली आणि बाहेर पडलो. पण बाजारात मन लागेना. घराला वळसा घालून मागच्या गल्लीत गेलो. आमचं स्वयंपाकघर पहिल्या मजल्यावर, त्याची खिडकी या गल्लीवर उघडते. बाकीच्या खिडक्याही उघड्या होत्या. खाली उभ्या सायकलींमध्ये मी चोरासारखा उभा राहिलो.

वरून दोन गाणी येत होती, एक पुढे, एक मागे. बराच वेळ तशीच. मग मागचं थांबलं.

म्हटलं झालं बटण बंद. पण पुढचं तसंच चालू होतं आणि तेवढ्यात ओट्यावर भांडं वाजलं. माठावरचं झाकण काढल्याचा आवाज आला. पाणी ओतल्याचा आला. आमच्या घरात त्या वेळी एकच माणूस होतं.

काही कळायच्या आत मी जिन्याने वर, दाराशी, किल्ली कुलपात. एकटी आहे, परत यायचंय अजून तिला, घसरली तर, पाणी सांडलं असेल तर. किल्ली फिरवायचीच राहिली होती. मग हवालदारची आठवण झाली, लांब जा म्हणाली होती. ती खुर्ची आठवली, आणि मागे वळून खुर्ची शोधणारी हीसुद्धा. बटण बदललं मी, अख्खा बोर्ड बदलला, आणि साधं एवढं सुचलं नाही मला?

किल्ली काढली. आवाज न करता, हे सगळ्यात कठीण होतं. लांबच्या बाजारात गेलो. काय आणलं ते घरी आल्यावर बघितलं, नुसता फ्लॉवर, एक नाही दोन. हिने विचारलं, पाहुणे यायचेत का?

१२ मार्च

आज सकाळी हीच म्हणाली, स्वयंपाकघर परत मागे पडतंय. म्हटलं, नीट करू का? म्हणाली, राहू द्या. मग थोड्या वेळाने म्हणाली, "तुम्ही मुद्दाम बिघडवलंत."

मी मान हलवली. खोटं बोलायला जमलंच नाही कधी हिच्यापुढे.

मग तिने सगळं सांगितलं. नुसतं चाल म्हटलं की भीती वाटते, म्हणाली, पण चूक कानाला टोचायला लागली की पाय आपोआप जातात, मग लक्ष पायाकडे राहतच नाही. पाइप धरून जायची, बटण बंद करायची, पाणी प्यायची, परत यायची. हवालदारला माहीत होतं, तिनेच वॉकर कसा वळवायचा ते शिकवलं. मी विचारलं, मग त्या दुपारी मला दुरुस्त करायला मदत कशाला केलीस? तर म्हणाली, दुरुस्त होतंय म्हटल्यावर चुकीचं कसं ठेवायचं? हे मात्र मला पटलं. मीही तसाच आहे.

एवढ्यावर थांबायला हवं होतं, पण मी विचारलंच. मला का सांगितलं नाहीस?

ती चादरीची घडी सरळ करायला लागली. "तुमचा हात दिसला की माझा पाय काम सोडतो," म्हणाली. "त्याला वाटतं, आहेत की हे. तुम्ही धावत येता आणि मी पडते. पडत नाही, पण पडल्यासारखी होते."

लागलं मला. खरं सांगायचं तर खूप लागलं. दिवसरात्र ज्या हाताने केलं तोच हात आडवा येत होता. दोन शब्द वाकडे बोलणार होतो, पण तिचे डोळे भरले होते आणि माझेही. मी तिथेच पलंगाच्या कडेला बसलो. तिने माझा हात घेतला, उलटा करून बघितला, आणि स्वतःच्या मांडीवर ठेवून दिला. बसलेली असताना हा चालतो, म्हणाली.

मग हुकूम सुटला. उद्याचा चहा हॉलमध्ये. मी माझ्या खुर्चीत बसायचं, आणि काही झालं तरी उठायचं नाही. म्हटलं, हॉलकडे पाइप नाही. म्हणाली, माहितीये.

१३ मार्च

बसलो. गाणं लावलं नाही, ते तिनेच नको म्हणून सांगितलं होतं. पलंगाचा आवाज आला, मग वॉकरचा. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत ती मला दिसत नाही, नुसता आवाज. पाइपवर बोटं सरकल्याचा आवाज मी कधी ऐकला नव्हता, मीच ठोकलेल्या पाइपचा. तो संपला. मग ती दारात दिसली. केस विंचरले होते. साडी नीट नेसली होती, माझ्या मदतीशिवाय, कशी ते तिलाच ठाऊक.

दारापासून माझ्या खुर्चीपर्यंत आमचा हॉल एवढा मोठा आहे हे मला आजवर माहीत नव्हतं. ती माझ्याकडे बघत नव्हती. समोर बघत होती, मैदानाच्या टोकाला बघावं तसं. मध्यावर वॉकरचा पाय सतरंजीच्या कडेला अडला. ती पुढे झुकली. माझी पाठ खुर्चीवरून सुटली.

"बसा."

मोठ्याने नाही. पण तोच तो आवाज. मी बसलो. खुर्चीचे दोन्ही हात धरून बसलो. तिने वॉकर उचलला, मागे घेतला, वळसा घातला. त्या वेळात मी किती वेळा मनाने उठलो ते माझं मला माहीत. शरीराने उठलो नाही. बायको एकटी उभी आहे, तिचा पाय कापतोय, आणि मी बसून आहे, यापेक्षा जड काम मी केलेलं नाही.

ती समोरच्या खुर्चीपाशी आली, वळली, मागे न बघता हाताने कड चाचपली आणि बसली. तिची जागा. खुबा मोडल्यापासून रिकामी होती. तिने पदराने कपाळ टिपलं, श्वास घेतला आणि माझ्याकडे बघितलं.

"चालत मी आले," म्हणाली, "आणि धाप तुम्हाला लागलीय."

चहा करायला उठायला हवं होतं, पण माझेच पाय उचलेनात. हिने घाई केली नाही.